चाळण आणि सूप

गेल्या महिन्यात पाण्याच्या फिल्टरचं मेम्ब्रेन बदलायला एक मुलगा आला होता. विशीतला, हेल्मेट हातात, पाठीवर सॅक. धायरीत आमच्या सोसायटीला निम्मं पाणी बोअरचं आणि निम्मं टँकरचं. त्यामुळे बादल्यांवर पांढरे थर, नळांच्या तोंडाशी खरपुड्या आणि दीड वर्षात मेम्ब्रेन बाद, हे ठरलेलंच. त्याने पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन पाण्यात बुडवलं, ३१० हा आकडा मला दाखवला, "गेलं हे, मॅडम" म्हणाला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून नळकांडं उघडायला लागला. आई दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "यात नक्की असतं काय रे?" हात न थांबवता तो म्हणाला, "चाळण असते आजी. लई बारीक भोकांची. पाणी जातं, क्षार अडकतात." आईचं समाधान झालं. माझं मात्र हातातलं काम हातातच राहिलं. कारण जवळपास याच शब्दांत सात वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना, अण्णांना, उत्तर दिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

जुनं मेम्ब्रेन मी त्याला टाकू दिलं नाही. दुपारी सुरीने वरची टेप कापली आणि गुंडाळी उलगडली. मधे एक पोकळ नळी, तिला ओळीने भोकं. तिच्याभोवती सुरळीच्या वडीसारखे थर: प्लॅस्टिकची जाळी, गुळगुळीत कागदासारखा पांढरा पडदा, मग कापडासारखं काहीतरी, पुन्हा पडदा. जाळीत तपकिरी बुळबुळीत गाळ होता आणि त्याला शेवाळलेल्या हौदाचा वास येत होता. पडदा धुतला, खिडकीच्या उजेडासमोर धरला. भोक दिसणार नाही हे माहीत होतंच, पण नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की चाळणीला असतं तसं पाडलेलं भोक तिथे नाहीच. खरं काम करणारा थर पॉलिअमाइडचा. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, बाकीचं सगळं त्याला नुसता आधार. त्या थरात रेणूंच्या साखळ्यांची गुंतवळ असते, विंचरल्यावर फणीत राहते तशी. पाण्याचा रेणू त्या गुंतवळीत शिरतो आणि सापडेल त्या फटीतून सरकत पलीकडे निघतो. क्षारांच्या आयनांवर विद्युतभार असतो, आणि त्या भारापायी ते पाण्याचे रेणू अंगाभोवती लपेटून फिरतात. ते पांघरूण टाकून त्या गुंतवळीत शिरणं त्यांना परवडत नाही. १९६० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी वरून अतिपातळ आणि खालून सच्छिद्र असा पडदा पहिल्यांदा नीट जमवला. तोपर्यंतचे पडदे इतके जाड होते की त्यांतून येणारं गोडं पाणी थेंबाथेंबाने मोजावं लागे. माझ्या ओट्यावर पसरलेली ती ओली सुरळी त्यांच्याच कामाची नात म्हणायची.

अण्णा मार्केट यार्डात एका भुसार आडतीवर दिवाणजी होते. आयुष्य वह्यांत गेलं, पण धान्याची पारख त्यांच्या बोटांत होती. मुठीत गहू घेऊन दोन दाणे दाताखाली फोडले की ते ओल सांगायचे. घरात आमच्याकडे तीन चाळण्या, दोन सुपं आणि एक रोवळी होती. कुठलं काय कधी वापरायचं यावर आई-अण्णांचे गंभीर वाद व्हायचे. पीठ चाळायचं. तांदूळ पाखडायचे. डाळीतले खडे काढायला सूप हलकेच गोल फिरवून घोळायचं, म्हणजे खडे एका कडेला येतात. शेंगदाण्याची सालं फुंकरीने उडवायची. आणि यातलं काहीच चाललं नाही तर उजेडात बसून हाताने निवडायचं. हे सगळं वेगळं करणंच, पण प्रत्येकाला आपल्या भाषेत वेगळं क्रियापद आहे. कारण प्रत्येक वेळी वेगळं होण्याचं कारण निराळं असतं. चाळणीत आकार बघितला जातो, पाखडताना वजन, घोळताना वजन आणि घरंगळण्याची तऱ्हा दोन्ही. अण्णा हे असं कधी बोलले नाहीत, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. माझ्याजवळ पुस्तकं होती आणि मी त्यांना चाळण सांगितली.

पुढे त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. यंत्राने रक्त शुद्ध करायचं, म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून दोनदा असायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी सहाच्या पाळीला मी त्यांना घेऊन जायची आणि तिथून थेट शाळेत. आधी वजन. "काका, किती वाढवून आणलंत?" असं तंत्रज्ञ विचारायचा. मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नसल्याने तो आकडा म्हणजे सरळ पाणी. डाव्या हातावर फिस्चुला केलेला होता, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली. त्यावर तळवा ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागायची. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. मी रोज झोपण्याआधी तिथे हात ठेवून बघत असे, आणि अजूनही कधी मध्यरात्री जाग आली की तळव्याला ती जाणवते. मग दोन जाड सुया, लाल होत जाणाऱ्या नळ्या, आणि यंत्राच्या अंगाला उभा लावलेला डायलायझर, त्याला अण्णांच्या नावाची चिठ्ठी. त्या पारदर्शक नळकांड्यात दहा हजारांच्या आसपास पोकळ धागे असतात. केसाच्या दुप्पट-तिप्पट जाडीचा एकेक धागा, आतून रक्त वाहतं आणि बाहेरून द्राव. सगळ्या धाग्यांचं अंग उलगडून पसरलं तर एखाद्या लहान सतरंजीएवढं भरेल. द्राव मिनिटाला सुमारे अर्धा लिटर, चार तास. म्हणजे एका वेळेला १२० लिटर पाणी, आणि तेही आधी आमच्या घरच्या फिल्टरसारख्याच, आरओच्या पडद्यातून गाळून घेतलेलं. शुद्ध पाण्याच्या त्या खोलीची घरघर भिंतीपलीकडून सतत ऐकू यायची. तेव्हा मला ती फक्त घरघर वाटायची.

घरी आईने भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या, तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम काढण्यासाठी. बटाट्याचा बटाटेपणा जायचा, पालकाचा नुसता रंग उरायचा. मीठ तर चिमटीच्या टोकावर मोजून. शहाळं बंद, संत्री बंद, टोमॅटो बंद, लोणचं-पापडाचं तर नावच नाही. फक्त एक सवलत डॉक्टरांनी दिली होती: डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या तासात अर्धं केळं चालेल, कारण त्यातलं पोटॅशियम पुढच्या तीन तासांत निघून जाईल. ते अर्धं केळं अण्णा वीस मिनिटं खायचे. मिटल्या डोळ्यांनी.

अशाच एका शुक्रवारी केळ्याचं साल माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "केळ्यातलं जे असतं ते हे यंत्र काढून घेतं. मग मीठ का नाही काढून घेत?"

मला शाळेला उशीर होत होता. मी म्हणाले, "अण्णा, आत चाळणीसारखा पडदा असतो. पोटॅशियमचे कण बारीक, ते भोकांतून निघून जातात. मिठाचे जाड, ते राहतात." ते थोडा वेळ त्या नळकांड्याकडे बघत राहिले. "असं होय," म्हणाले. मी पर्स उचलून दारापर्यंत गेले तेव्हा पाठीमागून त्यांचा आवाज आला, "चाळणीत तसं होतं. सुपात नाही होत बघ." मी हसून हात हलवला आणि निघाले.

मी नववीला विज्ञान शिकवते. आवर्तसारणी दरवर्षी शिकवते. मिठातला सोडियम अकरावा, केळ्यातला पोटॅशियम एकोणिसावा, एकाच उभ्या ओळीत, आणि खाली जाताना आकार वाढत जातो हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. सोडियमच्या आयनाची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पोटॅशियमची १.३३. म्हणजे मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट. पाण्यात मात्र सोडियम पाण्याचं पांघरूण जास्त घट्ट धरतो आणि त्यामुळे त्याचा एकूण घेर पोटॅशियमपेक्षा मोठा होतो, हे खरं आहे. त्याच्या आड मला लपता आलं असतं. पण डायलायझरच्या धाग्यांतली भोकं या दोघांहून कितीतरी मोठी असतात. दोघंही त्यांतून सारखेच आरपार जातात. तो पडदा प्रथिनं आणि रक्तपेशी अडवतो. सोडियम-पोटॅशियममध्ये भेद करणं त्याच्या कुवतीतच नाही.

मग भेद करतं कोण? पलीकडचं पाणी. डायलिसिसच्या द्रावात सोडियम मुद्दाम रक्तात असतं जवळपास तेवढंच ठेवतात आणि पोटॅशियम कमी. आयन इकडून तिकडे जातात, तिकडून इकडेही येतात. सोडियमची जा-ये जवळजवळ बरोबरीची, म्हणून ते घटत नाही. जे थोडं जातं ते मुख्यतः काढलेल्या जादा पाण्यासोबत. पोटॅशियमला पलीकडे उतार सापडतो, म्हणून ते जात राहतं. पडदा फक्त दार उघडं ठेवतो. विलेम कोल्फ यांनी युद्धकाळात, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये पहिलं चालणारं यंत्र उभं केलं. त्यात पडदा होता सॉसेज भरायला वापरतात त्या सेलोफेनच्या नळीचा, लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळलेला आणि मिठाच्या पाण्यात फिरणारा. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले, पण त्यांनी पिंप फिरवणं सोडलं नाही. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई बेशुद्धीतून उठून बसली. सॉसेजच्या सालीला सोडियम कुठलं आणि पोटॅशियम कुठलं, काय कळणार? मिठाचं पाणी नेमकं किती खारट करायचं ते मात्र कोल्फना कळत होतं.

अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांना एका क्षणात पटलं असतं. धान्य कुठल्या गावाला चाललंय ते तिथल्या भावावर ठरतं, गोणीच्या विणीवर नाही, हे त्यांनी जन्मभर वहीत मांडलं होतं.

एकदा हे सुटायला लागलं तसे दुसरेही धागे हातात आले. वाढदिवसाचा रबरी फुगा दुसऱ्या दिवशी सुरकुततो. गाठ पक्की असते, भोक नसतं, तरी हवा जाते. फिलाडेल्फियात मिचेल नावाच्या डॉक्टरांनी १८३१ मध्ये रबराचे फुगे वेगवेगळ्या वायूंनी भरून ठेवले तेव्हा त्यांना दिसलं की सगळे सारख्या वेगाने बसत नाहीत. पुढे १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी ते मोजलं. ज्यांचा विसरणाचा नियम मुलं पाठ करतात ते हे ग्रॅहम, आणि डायलिसिस हा शब्दही त्यांचाच. रबरातून नायट्रोजनचा वेग एक धरला तर ऑक्सिजनचा अडीच, हायड्रोजनचा साडेपाच आणि कार्बन डायऑक्साइडचा साडेतेरा. हायड्रोजन सगळ्यांत लहान, सगळ्यांत हलका, तरी कार्बन डायऑक्साइड त्याच्या पुढे. ग्रॅहमना कारण उमगलं होतं: वायू आधी रबरात विरघळतो, मग त्यातून वाट काढतो, मग पलीकडे मोकळा होतो. कार्बन डायऑक्साइड रबराला जास्त मानवतो. नुसती हवा रबरातून ओढून त्यांनी ऑक्सिजनचं प्रमाण जवळपास दुप्पट केलं होतं. आज नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढणारे, हवेतून नायट्रोजन वेगळा करणारे पडदे या विरघळण्यावर आणि सरकण्यावरच चालतात. ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूंत जाडीचा फरक अँगस्ट्रॉमच्या पाचव्या भागाहूनही कमी. एवढ्यावर चाळण किती तरणार?

आपल्या पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. लहानपणी त्या रस्त्याने जाताना झाडी आणि लांबच लांब कुंपण एवढंच दिसायचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवरची बस दाखवली गेली, तिच्या कामात या प्रयोगशाळेचा हात होता. तशा बसच्या पोटातही एक पडदा असतो. तो प्रोटॉनला जाऊ देतो, हायड्रोजन वायूला अडवतो आणि इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने फिरून यायला लावतो. त्या वळशावर बस चालते. पडदे करणाऱ्यांची जुनी अडचण मात्र सुटलेली नाही. जो पडदा भराभर सोडतो तो भेद कमी करतो, आणि जो काटेकोर भेद करतो तो रेंगाळतो. वायूंच्या पडद्यांबाबत लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये शेकडो प्लॅस्टिकचे आकडे एका आलेखावर मांडले, तर एक तिरकी रेघ दिसली, जिच्या पलीकडे कुणीच जात नव्हतं. २००८ मध्ये त्यांनीच ती थोडी वर सरकवून पुन्हा आखली. सतरा वर्षांची जगभरची मेहनत, आणि रेघ थोडी वर. मला त्या रेघेबद्दल माया वाटते.

आणि तरीही हे ज्याला साधलं आहे तो आपल्या मातीत राहतो.

अण्णांच्या रिपोर्टवर पोटॅशियमचा आकडा असायचा. तो पाहण्याआधी मी कागद क्षणभर घडीतच धरायची. ५.२ म्हणजे हुश्श. ६.३ म्हणजे फोन, कारण पोटॅशियम वाढलं की हृदयाचा ठेका बिघडतो. तो आकडा मोजणारा सेन्सरही एक पडदाच असतो, मऊ प्लॅस्टिकचा, आणि त्यात व्हॅलिनोमायसिन नावाचं एक द्रव्य मिसळलेलं असतं. वाटोळ्या कड्यासारखा रेणू, पोटॅशियम त्याच्या पोटात नेमका बसतो. सोडियम लहान, तो आत खुळखुळतो, कड्याचा हात त्याला सगळीकडून लागत नाही, म्हणून तो आपलं पाणी सोडून यायला राजीच होत नाही. लहान म्हणून नाकारला जातो. हे द्रव्य बनवतात स्ट्रेप्टोमायसिस कुळातले मातीतले जिवाणू. पहिल्या पावसाचा मातीचा वास ज्यांच्यामुळे येतो तेच हे कूळ. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका जिवाणूच्या पेशीभिंतीलगतच्या पडद्यातलं पोटॅशियमचं दार रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अणू-अणूनिशी उलगडून दाखवलं, आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या अरुंद वाटेत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेत की पोटॅशियमला पाण्याचं पांघरूण टाकलं तरी टाकल्यासारखं वाटूच नये. पाण्याने धरावं तसंच ते त्याला धरतात. सेकंदाला दहा कोटींच्या घरात पोटॅशियम जातात, आणि दहा हजारांमागे जेमतेम एखादा सोडियम चुकून जातो. वेगही आणि निवडही. आपल्या हृदयातही याच घडणीची दारं आहेत. ठोका पडला की उघडतात, मिटतात. शुक्रवारी त्या खुर्चीत डोळे मिटून केळं खाणाऱ्या माणसाच्या छातीत ती उघडत-मिटत होती, आणि मी त्याला भोकं सांगत होते.

या सगळ्याची एक वही झाली आहे माझी. यंदा नववीच्या मुलांसमोर मी सूप घेऊन गेले. तांदूळ घोळून दाखवले, मग फुगा, मग पडद्याचा तो धुतलेला तुकडा. एका मुलीने तो गालाला लावून बघितला.

मागच्या रविवारी आई बाल्कनीत तांदूळ पाखडत होती. ऐंशीच्या पुढे आहे, पण मनगट अजून तसंच फिरतं. मी शेजारी बसून तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. अण्णांचा प्रश्न, माझं उत्तर, पलीकडचं पाणी, मातीतले जिवाणू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सुपातला एक खडा उचलून कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "अगं, पण ते यंत्राचं कुठे विचारत होते?"

"मग?"

"पहिल्या तासाला केळं चालतं, तर कैरीची एक फोड का नाही चालत, एवढंच होतं त्यांचं. तुला सरळ विचारायला लाजले. तू लगेच रागवायचीस."

खाली टँकर लागला होता, त्याच्या पंपाचा आवाज येत होता. मी काही बोलले नाही. आईने सूप पुन्हा हलवलं, तूस उडाला, थोडा माझ्या मांडीवर येऊन पडला.

"दिली होती मी एकदा," ती म्हणाली. "डब्यात घालून. तीन पाण्यांतून धुऊन."